पारसिकच्या धारेवर चार मिलीगॅल कुठे गेले?

ठाण्यातल्या एमएस्सी भूशास्त्राच्या एका गटाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांनी ऐरोलीच्या खाडीकाठापासून पूर्वेकडे एक रेषा आखली. ती एमआयडीसी ओलांडून पारसिकच्या रांगेवर चढते आणि पलीकडे शिळफाट्याच्या अंगाला उतरते. दर शंभर मीटरवर सीजी-५ ग्रॅव्हीमीटरने (गुरुत्व मोजणाऱ्या यंत्राने) रीडिंग घेतलं, फ्री-एअर (उंचीचं) आणि बूगे (मधल्या खडकाच्या ओढीचं) करेक्शन लावलं, खडकाची घनता नेहमीची २.६७ (ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर) धरली. पायथ्यापासून माथा सुमारे २०० मीटर उंच, दोन्ही बाजूंचा उतार सरासरी २० अंश. आलेखात माथ्यापाशी बूगे विसंगती, म्हणजे या दुरुस्त्यांनंतर उरलेला गुरुत्वाचा फरक, पायथ्यापेक्षा सुमारे चार मिलीगॅलने (मिलीगॅल हे गुरुत्वाचं छोटं एकक) खाली जाते. डोंगराच्या पोटात पोकळी किंवा कुजक्या खडकाचा मोठा पट्टा आहे असं प्रकल्प-अहवालात लिहावं का, हा त्यांचा पहिला प्रश्न. पुढच्या हंगामात माळशेज घाटातून जुन्नरच्या बाजूला रेषा न्यायची आहे, तेव्हा काय सांभाळावं, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर आधी देतो: लिहू नका. मी नवी मुंबईत राहतो आणि धरणं, बोगदे, खाणी यांच्या सर्वेक्षणात ग्रॅव्हिटीचं काम बरीच वर्षं करत आलो आहे. डोंगरावरचा असा आलेख समोर आला की मी सगळ्यात आधी विचारतो, हा आकडा द्यायला जमिनीखाली केवढी वस्तू लागेल? तुमच्या बाबतीत हिशेब सोपा आहे. बेसॉल्टमधून जाणारा लांब आडवा बोगदा १०० मीटर खोलीवर आहे असं समजा. त्याने चार मिलीगॅल कमी करायचे तर त्याची त्रिज्या ५८ मीटर हवी, म्हणजे जवळजवळ ११५ मीटर व्यासाचं भुयार. याच रांगेतून कळवा आणि मुंब्र्याच्या मध्ये १९१६ पासून पारसिकचा रेल्वे बोगदा आहे. पाच मीटर त्रिज्येचा तसा बोगदा साठ मीटर खोल असेल तर वर फरक पडतो ०.०५ मिलीगॅल. तुमची घसरण त्याच्या ऐंशी पट आहे. तुटक्या खडकाचा उभा पट्टा धरला तरी तेच. वीस मीटर रुंद, दहा मीटरपासून शंभर मीटर खोलीपर्यंत गेलेला आणि आजूबाजूच्या खडकापेक्षा ०.३ ने हलका असा पट्टा जेमतेम ०.१ ते ०.२ मिलीगॅल देतो.

मग चार मिलीगॅल गेले कुठे? ते डोंगराच्या आकारात गेले, आणि थोडे घनतेत लपून परत आले.

पायथ्यापासून माथ्यापर्यंत २०० मीटर चढलात की पृथ्वीच्या केंद्रापासून लांब गेल्यामुळे गुरुत्व कमी होतं. दर मीटरला ०.३०८६ मिलीगॅल, म्हणजे एकूण ६१.७. मधल्या २०० मीटर खडकाच्या ओढीमुळे त्यातलं काही परत मिळतं. बूगे करेक्शन हे परत मिळालेलं मोजतं, पण ते मोजताना असं गृहीत धरतं की तुमच्या पायाखाली २०० मीटर जाडीची, चारही दिशांना अमर्याद पसरलेली सपाट लादी आहे. पठारावर हे चालून जातं. पारसिकच्या धारेवर उभं राहिलात तर तुमच्या डावी-उजवीकडे काय आहे? एका बाजूला एमआयडीसीच्या शेडच्या छपरांपर्यंत उतरलेली हवा, दुसऱ्या बाजूला शिळच्या सपाटीपर्यंत उतरलेली हवा. लादीतला तेवढा खडक मुळात नाहीच. तुम्ही त्याची ओढ वजा केलीत, म्हणून उत्तर खोटं खाली गेलं. याच्या दुरुस्तीला टेरेन करेक्शन म्हणतात, आणि तुमच्या तक्त्यात त्याचा रकानाच नाही.

दरी असली तरी टेरेन करेक्शन अधिक आणि शेजारी उंच डोंगर असला तरीही अधिक, इथे पुष्कळजण अडखळतात. शेजारचा डोंगर तुमच्यापेक्षा वर असेल तर तो ग्रॅव्हीमीटरमधल्या वजनाला वरच्या बाजूला ओढतो आणि रीडिंग कमी होतं. खाली दरी असेल तर जो खडक खाली ओढायला हवा होता तो तिथे नसतो, त्यामुळेही रीडिंग कमीच. दोन्हीकडून नुकसान एकाच दिशेचं, म्हणून दुरुस्ती नेहमी मिळवायची. सॉफ्टवेअरने टेरेन करेक्शन उणे दाखवलं तर तिथेच थांबून इनपुट तपासा.

लांब, दोन्ही बाजूंनी सारख्या उताराच्या धारेसाठी एक अंदाज तोंडपाठ ठेवण्यासारखा आहे. उताराचा कोन अंशात घ्या आणि ९० ने भागा. लादीच्या ओढीचा तेवढा हिस्सा माथ्यावर टेरेन करेक्शन म्हणून परत द्यावा लागतो. तुमचा उतार २० अंश, म्हणजे २२ टक्के. घनता २.८५ धरली तर २०० मीटरच्या लादीची ओढ २३.९ मिलीगॅल होते, आणि तिचे २२ टक्के म्हणजे ५.३.

तुमची घसरण तर चारची. उरलेला फरक २.६७ मुळे. ही घनता ग्रॅनाइटी भूखंडांच्या सरासरीवरून जगभर रूढ झाली, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ती आधीपासून भरलेली असते. आपल्याकडचा ठोकळेदार काळा पाषाण २.८ ते ३.० च्या घरात असतो. सह्याद्रीत काम करताना २.६७ डोळे मिटून लावणं मला अजिबात पटत नाही. २.८५ च्या जागी २.६७ लावल्यामुळे तुम्ही २०० मीटरवर दीड मिलीगॅल कमी वजा केले, म्हणजे माथा दीड मिलीगॅलने खोटा वर आला. टेरेन करेक्शन न लावल्यामुळे तो ५.३ ने खोटा खाली गेला. वजाबाकी करा, उणे ३.८ येतात. दोन चुका उलट दिशेच्या असल्यामुळे त्यांनी एकमेकींना अर्धवट झाकलं. उतार बराच सौम्य असता तर आलेख जवळजवळ सपाट दिसला असता आणि कोणाला शंकाही आली नसती. मला त्याची जास्त भीती वाटते.

हा झाला अंदाज. अहवालासाठी टेरेन करेक्शन पॉइंटगणिक काढावं लागेल, आणि त्यात सगळी मेहनत पॉइंटच्या अगदी जवळच्या जमिनीवर घ्यावी लागेल. दहा किलोमीटरवरचा मलंगगड कितीही उंच दिसो, त्याचा परिणाम तुमच्या सगळ्या पॉइंटवर जवळजवळ सारखा पडतो आणि डीईएम (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा) तो नीट सांभाळतो. खरा घोटाळा पहिल्या शंभर-दीडशे मीटरमध्ये होतो. पारसिकच्या रांगेत तो जास्त होतो, कारण हा डोंगर दगडखाणींनी पोखरलेला आहे.

खाणीच्या कडेवर घेतलेल्या एका पॉइंटचा हिशेब देतो. तीस मीटर खोल खाण, तुमच्यापासून पाच मीटरवर सुरू होते, साठ मीटरपर्यंत जाते आणि तुमच्याभोवतीचं अर्धं वर्तुळ व्यापते. फक्त या खड्ड्याचं टेरेन करेक्शन १.१ मिलीगॅल येतं. तोच पॉइंट पन्नास मीटर मागे सरकवा. आता तोच खड्डा ५५ ते ११० मीटरवर गेला आणि त्याने भोवतालचा पाव भागच अडवला, तर करेक्शन ०.११ होतं. पन्नास मीटर मागे गेल्याने दहापट सुटका झाली. घाटरस्त्याच्या कापलेल्या भिंतीचंही असंच आहे. दोन मीटरवर सहा मीटर उंच भिंत असेल तर पहिल्या दहा मीटरमधला खडकच ०.१६ मिलीगॅल खातो. तुम्ही शोधत असलेला पट्टा एकूण तेवढाच देणार आहे!

आता यातलं डीईएमला काय दिसतं? तुम्ही एसआरटीएम हा रडारने मोजलेला डीईएम वापरणार असं लिहिलं आहे. त्याची मोजणी अंतराळ शटलमधून फेब्रुवारी २००० मध्ये झाली. तीस मीटरच्या चौकटीत सहा मीटरची भिंत दिसणं शक्य नाही. शिवाय त्यानंतर खाणी किती खोल गेल्या, कुठे भराव पडला, कुठे उतार कापून इमारती उभ्या राहिल्या हे त्याला कळणार कसं? विमानतळासाठी कापलेली उलव्याची टेकडी त्या नकाशात अजून उभी आहे. खाडीकाठी तर रडारला बऱ्याच ठिकाणी कांदळवनाचा शेंडा दिसतो, चिखल दिसत नाही. दूरच्या जमिनीसाठी एसआरटीएम पुरेसा आहे. जवळच्या जमिनीसाठी नाही.

म्हणून जवळची जमीन हाताने मोजा. हॅमरने १९३९ मध्ये मांडलेली पॉइंटभोवतीची वर्तुळं आजही उपयोगी आहेत: २ ते १६.६ मीटर, मग ५३.३ पर्यंत, मग १७० पर्यंत. पहिल्या वर्तुळाचे चार भाग, पुढच्या दोघांचे प्रत्येकी सहा. मीटरचा तिपाई स्टँड मांडला, बुडबुडे मध्ये आणले, छत्रीची सावली धरली, रीडिंग सुरू केलं की एका जोडीदाराने क्लायनोमीटर आणि लेझर रेंजफाइंडर घेऊन उभं राहावं आणि प्रत्येक भागातली जमीन पॉइंटपेक्षा सरासरी किती मीटर वर किंवा खाली आहे ते वहीत लिहावं. सोळा आकडे होतात. सवय झाली की रीडिंग संपेपर्यंत पहिली दोन वर्तुळं उरकतात. तिसऱ्यासाठी थोडं चालावं लागतं, आणि झाडी असेल तर धारेच्या उघड्या टोकावर जाऊन बघावं लागतं. या वहीला मी मीटरइतकंच महत्त्व देतो. मीटरचा आकडा दुसऱ्या दिवशी पुन्हा घेता येतो, पण खाणवाल्याने कडा फोडला की त्या दिवशीची जमीन पुन्हा मिळत नाही. ड्रोनने नकाशा काढता आला तर उत्तमच. मात्र जवळ विमानतळ आणि वनखात्याची हद्द आहे, दोन्हीकडच्या परवानग्या आधी काढा.

तुमच्या सगळ्या पॉइंटच्या जागाही पुन्हा बघा. जिथे गाडी जाते तिथे पॉइंट, अशी रेषा बहुतेक गट आखतात. डोंगरात रस्ता म्हणजे एका बाजूला कापलेली भिंत आणि दुसऱ्या बाजूला उतार, म्हणजे जवळच्या टेरेनसाठी सगळ्यात वाईट जागा. रस्ता सोडून चाळीस-पन्नास मीटर आत, जिथे जमीन निदान वीस मीटरपर्यंत सारखी आहे, तिथे सीजी-५ चे आठ किलो उचलून नेणं परवडतं. शंभर मीटरचं अंतर काटेकोर पाळायची काहीच गरज नाही. ९० किंवा ११५ झालं तरी बिघडत नाही, जागा चांगली हवी.

घनता कशी ठरवायची? हातोडीने फोडलेले ताजे तुकडे हवेत आणि पाण्यात तोलून आकडा काढा, ते करायलाच हवं. पण तो आकडा जसाच्या तसा वापरू नका. तुम्ही साहजिकच टणक दगड उचलता. डोंगरात त्याच्याबरोबर सच्छिद्र थर असतात, तांबड्या मातीचे पट्टे असतात, वरचा मुरूम असतो. अख्ख्या डोंगराची घनता तुकड्यापेक्षा कमी भरते. त्यासाठी नेटलटनची पद्धत आहे, तीही १९३९ चीच: २.६० पासून २.९५ पर्यंत ०.०५ च्या पायरीने प्रत्येक घनतेला पूर्ण हिशेब करायचा, टेरेन करेक्शनसकट, आणि ज्या घनतेला विसंगतीचा आलेख डोंगराच्या आकाराची नक्कल करणं सोडतो ती निवडायची. घनता कमी धरली तर आलेख डोंगरासारखा वर येतो, जास्त धरली तर उलटा होतो. टेरेन करेक्शन न करता ही पद्धत लावाल तर ती आकाराची चूक घनतेच्या माथी मारेल आणि तुम्हाला २.२ सारखा बेसॉल्टला न शोभणारा आकडा देईल.

आणखी एक सावधगिरी. ज्या डोंगराचा आकार त्याच्या पोटातल्या खडकामुळेच झाला आहे, तिथे ही पद्धत फसते. एखादा जाड डाइक (भेगेत शिरून थिजलेल्या लाव्हाची भिंत) झिजेला टिकून धार बनून उभा राहिला असेल तर त्याचा खरा परिणाम तुम्ही घनतेत विरघळवून टाकाल. आपल्या भागात डाइक भरपूर आहेत, म्हणून रेषेवर चालताना खडक बघत चला. जमल्यास माथ्याच्या पट्ट्यात मॅग्नेटोमीटरही फिरवा, उच्चदाबाच्या तारांपासून दूर राहून. दिवसभरातल्या चुंबकीय बदलाच्या दुरुस्तीसाठी अलिबागच्या वेधशाळेच्या नोंदी आहेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचं काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं गेलं, आणि ती वेधशाळा चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था तुमच्या जवळच, नवीन पनवेलला आहे.

उंचीबद्दल लवकर सांगून पुढे जातो, कारण तुमचा तक्ता इथे बरा आहे. बूगे विसंगतीत एक मीटर उंचीची चूक म्हणजे ०.२ मिलीगॅल. ०.०२ मध्ये राहायचं तर उंची दहा सेंटिमीटरच्या आत हवी, म्हणजे डिफरेन्शियल जीपीएस किंवा लेव्हलिंग. मोबाइलमधली उंची दहा मीटर इकडे-तिकडे झाली की दोन मिलीगॅल गेले. जीपीएसची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची एकाच रकान्यात कधीही मिसळू नका. मुंबईच्या परिसरात समुद्रसपाटी जीपीएसच्या लंबवर्तुळाकार पृष्ठभागाच्या ६० मीटरहून अधिक खाली आहे. म्हणून खाडीकाठच्या पॉइंटला जीपीएस उणे साठच्या आसपास दाखवतो, त्यात बिघाड काही नाही. सगळे पॉइंट एकाच पद्धतीत ठेवले की छोट्या रेषेवर काम भागतं.

मीटरच्या वेळेकडे मात्र लक्ष द्या. चंद्र-सूर्यामुळे गुरुत्व दिवसभरात जवळजवळ ०.३ मिलीगॅलपर्यंत वर-खाली होतं. सीजी-५ ही दुरुस्ती आपोआप करतो, पण त्याला तुमचे अक्षांश-रेखांश आणि जागतिक वेळेपासूनचा साडेपाच तासांचा फरक बरोबर दिला असेल तरच. या भरतीच्या चक्राचा मुख्य भाग सुमारे साडेबारा तासांचा आहे. त्यात साडेपाच तासांची गफलत झाली तर दुरुस्ती जवळजवळ उलटी लागते, म्हणजे चूक जाण्याऐवजी दुप्पट होते. कच्च्या फाइलमध्ये दुरुस्तीचा रकाना वेगळा असतो, तो त्या दिवसाच्या चंद्राच्या वेळेशी ताडून बघा. बेसवर, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या पॉइंटवर, दर दोन-तीन तासांनी परत या, म्हणजे मीटरच्या स्प्रिंगचा ड्रिफ्ट (आकड्याचं हळूहळू सरकणं) वेगळा काढता येतो. चढताना मीटर आपटला असेल तर तो थोडा वेळ स्थिर ठेवूनच रीडिंग घ्या.

तुमचा बेस ऐरोलीच्या जेट्टीवर आहे, तो हलवा. खाडीत भरतीला चार मीटर पाणी चढलं की अगदी काठावर, पाण्यापेक्षा थोड्या वर असलेल्या पॉइंटवर त्याची ओढ ०.०८ मिलीगॅलच्या आसपास जाऊ शकते. चंद्राची दुरुस्ती यातलं काहीच काढत नाही. पाचशे मीटर आत गेलात तर तोच परिणाम एका मायक्रोगॅलच्याही (मिलीगॅलच्या हजाराव्या भागाच्याही) खाली जातो. ठाणे-बेलापूर रस्त्याचे ट्रेलर आणि ट्रान्स-हार्बर लोकलची थरथर टाळण्यासाठी खालच्या पट्ट्यातली रीडिंग रविवारी पहाटे घ्या. पावसाळ्यात घेऊ नका. खवळलेल्या समुद्राची बारीक कंपनं मीटरला माथ्यावरही जाणवतात, आणि मुरुमात मुरलेलं प्रत्येक ३०० मिलिमीटर पाणी १२-१३ मायक्रोगॅल वाढवतं.

हे सगळं केल्यावर माथ्यावरची घसरण नाहीशी होईल असं माझं ठाम मत आहे. मग आलेखात उरेल काय?

पश्चिमेच्या टोकाला, खाडीकडे जाताना, आलेख थोडा खाली वाकलेला दिसेल, आणि तो वाक खरा असेल. ऐरोली-घणसोलीच्या भरावाखाली खाडीचा मऊ चिखल आहे. दहा मीटर चिखल, घनता १.६, शेजारच्या बेसॉल्टपेक्षा १.२ ने हलका: अर्धा मिलीगॅल. त्या भागातल्या इमारतींच्या पाइलिंगसाठी घेतलेल्या बोअरच्या नोंदी मिळवा. कठीण खडक किती मीटरवर लागला हे त्यात असतं. त्यावरून हा अर्धा मिलीगॅल मोजून वेगळा काढता येईल, आणि तुमच्या पद्धतीची चांगली परीक्षाही होईल. इथे उत्तर बोअरमुळे आधीच माहीत आहे, तुमचा आलेख ते देतो का बघा.

त्याच्या खाली, अख्ख्या रेषेवर, पश्चिमेकडे हळूहळू चढत जाणारा एक सौम्य कल असेल. तोही खरा आहे आणि तुमच्या डोंगराशी त्याचा संबंध नाही. मुंबईच्या परिसरात गुरुत्वाचा मोठा उंचवटा आहे. टाकिन यांनी १९६६ मध्येच त्याचा अर्थ खोलवर घुसलेल्या जड खडकाशी जोडला होता. हैदराबादच्या एनजीआरआयने (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने) १९७५ मध्ये काढलेल्या देशाच्या ग्रॅव्हिटी नकाशावर तो दिसतो. शिवाय तुमची रेषा पनवेल फ्लेक्शरच्या टापूत आहे, जिथे पूर्वेला जवळजवळ आडवे असलेले लाव्हाचे थर पश्चिमेकडे कलतात. हा प्रादेशिक कल एका सरळ रेषेने किंवा फार तर सौम्य वक्राने काढून टाका. जास्त घाताचं समीकरण बसवाल तर चिखलाचा वाकही त्यात जाईल. उपग्रहाच्या आकड्यांवरून हा कल काढू नका. गोस उपग्रहाच्या नकाशाची बारकाई सुमारे शंभर किलोमीटरची आहे, आणि ईजीएम २००८ सारखं जमिनीवरची मोजणी मिसळलेलं गुरुत्वाचं प्रारूपही नऊ किलोमीटरच्या खाली जात नाही. तुमची अख्खी रेषा त्याच्या एका चौकटीत मावते.

आता माळशेज. पारसिकवर जे पाच मिलीगॅल होते ते तिथे पस्तीस होतात. समजा ६०० मीटरचा उभा कडा आहे आणि तुम्ही अगदी टोकावर उभे आहात. तुमच्या लादीचा अर्धा भाग हवेत आहे, टेरेन करेक्शन सुमारे ३५ मिलीगॅल. कड्यापासून एक किलोमीटर पठाराच्या आत जा, ते साडेसहावर येतं. एवढ्या मोठ्या दुरुस्तीत डीईएमची किंवा घनतेची दोन टक्के चूक झाली तरी टोकावर ०.७ मिलीगॅल बिघडतात, आत ०.१३. म्हणून कड्यापासून किलोमीटरभर दोन्ही बाजूंना, वर आणि पायथ्याला, पॉइंट विरळ ठेवा, आणि जे घ्याल त्यांच्यावर कमी भरवसा ठेवा. आलेखावर त्यांची अनिश्चितता मोठ्या पट्टीने दाखवा. घाटरस्त्यातले पॉइंट मी तर घेणारच नाही. भिंत, दरी, धबधब्यांनी कापलेल्या घळी आणि वर सुटणारे दगड, यातलं काहीच मीटरच्या किंवा माणसाच्या हिताचं नाही.

दूरचं वर्तुळही तिथे मोठं घ्यावं लागतं. रूढ हद्द सुमारे १६७ किलोमीटरची आहे, आणि त्या वर्तुळात अरबी समुद्र येतो. समुद्रावर डीईएम शून्य दाखवतो आणि सॉफ्टवेअर तिथे समुद्रसपाटीपर्यंत खडक भरून टाकतं. समुद्राच्या खोलीचा नकाशा जोडा आणि तिथे १.०३ घनतेचं पाणी भरायला सांगा.

सगळ्या दुरुस्त्या नीट झाल्यावरही, कोकणातून देशावर चढताना बूगे विसंगती खाली जाताना दिसेल. यावेळी ती चूक समजून घालवू नका. १८५५ मध्ये प्रॅट यांनी हिशेब मांडला होता. कलियाना आणि कल्याणपूर या सर्वेक्षणाच्या दोन ठिकाणांमधल्या अक्षांशाच्या फरकात त्रिकोणमितीय मोजणी आणि ताऱ्यांची मोजणी यांच्यात कोनाच्या ५.२४ सेकंदांचा मेळ बसत नव्हता. हिमालयाने ओळंबा ओढला म्हणून हे झालं म्हणावं, तर हिमालयाच्या आकारमानाने तो १५.९ सेकंद ओढला जायला हवा होता. दृश्य डोंगराचं वजन खाली कुठेतरी भरून निघतं, हे त्यातून कळलं. त्याच वर्षी एअरींनी डोंगरांना हलकी मुळं असतात अशी मांडणी केली. पुढे बेसव्ही यांनी लंबक घेऊन देशभर गुरुत्व मोजलं आणि १८७१ मध्ये लडाखच्या उंच पठारावर काम करतानाच त्यांचा अंत झाला. उंच प्रदेशाखालची ही तूट त्यांच्या आकड्यांतही होती. देशावरची घसरण त्याच जातीची आहे. ती पन्नास-शंभर किलोमीटरवर पसरलेली, सौम्य असते. कड्याजवळ दोन किलोमीटरमध्ये झपकन पडणारी आणि तितक्याच लवकर सावरणारी घसरण दिसली तर ती टेरेनची. घसरण किती रुंद आहे हे बघूनच दोन्ही ओळखता येतात.

माळशेजच्या आधी पारसिकचे माथ्यालगतचे पॉइंट मात्र पुन्हा घ्या, मेअखेर गाठण्याआधी. सगळे नकोत: खाणीपासून शंभर मीटरच्या आतले आणि रस्त्यावरचे तेवढे. बेस आत हलवा, जुन्या बेसवरही दोनदा रीडिंग घेऊन नवा बेस त्याच्याशी जोडून घ्या. घनतेचा तक्ता आणि सोळा आकड्यांची वही सोबत ठेवून हिशेब नव्याने करा. त्यानंतर पूर्वेच्या उतारावर, जिथे तुमच्या खडकांच्या टिपणात डाइक लिहिला आहे, तिथे ०.१ मिलीगॅलपेक्षा मोठं काही उरलंच, तर त्या दोनशे मीटरमध्ये वीस-वीस मीटरवर पॉइंट घाला आणि पहिलं रीडिंग डाइकच्या कडेपासून सुरू करा.